पांगाऱ्याचं विमान

लिंबाजी सुतार हे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई, म्हणून पुढेही मी तसंच लिहिणार. मालकांचं नाव चंद्रभान. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये अशी रीत होती. पण त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि नुसतं ‘हे’ ‘हे’ म्हणत बसले तर वाचणाऱ्याला काय कळणार? लिहायला मी उशिरा शिकले, त्यामुळे हात सावकाश चालतो. ज्याला घाई असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

यातलं बरंचसं घडलं तेव्हा मी त्या घरात नव्हते. मी मागाहून आले. पण आत्याबाईंनी, म्हणजे सारजाबाईंनी, भाकरी थापताना, डाळ निवडताना, पाय चेपून घेताना मला ते इतक्यांदा सांगितलं की आता मीच तिथे उभी होते असं वाटतं.

मामांचं काम ताडकळसच्या बाजाराच्या वाटेवर एका चिंचेखाली चालायचं. बैलगाड्या करायच्या आणि मोडलेल्या दुरुस्त करायच्या. ते कायम थकलेले असत. मी त्यांना न थकलेलं कधी पाहिलं नाही. आत्याबाई म्हणायच्या, मीही नाही पाहिलं, लग्नात बोहल्यावरसुद्धा जांभई दिली होती. काहीही विचारा, उत्तर एकच: “बगू.” चाक कधी देणार? बगू. पाव्हण्यांना काय सांगायचं? बगू. घराला आग लागली असती तरी या माणसानं आधी बगूच म्हटलं असतं.

पण कामात कुचराई नव्हती. गाडी जिथे मोडली तिथे आधीच्या दुप्पट लाकूड घालायचं आणि वरून लोखंडाची पट्टी ठोकायची, हा त्यांचा नेम. बाभूळ आणि साग यांच्याखेरीज तिसऱ्या लाकडाला ते लाकूड म्हणत नसत. लिंबाजीची गाडी बैलाला जड जाते पण मालकाला दगा देत नाही, असं गावात म्हणत. मामांना त्यातलं दुसरं अर्धंच ऐकू यायचं.

चंद्रभान हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या हाताखाली सुतारकी शिकला आणि मोठी लढाई पेटल्यावर हैद्राबादेकडे विमानांच्या एका तळावर कामाला गेला. शिकणाऱ्यांची विमानं तिथे लाकडाची आणि कापडाची असत. शिकणारे रोज काहीतरी मोडून ठेवत, त्यामुळे सुतारांना बसायला फुरसत नसे. एके दिवशी लाकूड कापायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरल्यावर ते घरी निघाले. आगगाडीतून उतरायचं होतं पूर्णेला. पण झोप लागली म्हणून पुढच्या स्टेशनावर उतरले आणि तिथून पायी आले. झोप लागली हे त्यांनी सांगितलेलं. मला विचाराल तर तो माणूस टक्क जागा होता. आईसमोर तो हात घेऊन उभं राहणं जेवढं लांबवता येईल तेवढं त्यांनी लांबवलं.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून बाजेवर निजले ते निजलेच. जेवायला उठायचे, पुन्हा भिंतीकडे वळायचे. लग्नाची बोलणी झालेली एक मुलगी होती, तिच्या बापानं तिला दुसरीकडे दिली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एका हाताच्या सुताराला कोण मुलगी देतं? आत्याबाईंनी जवळचे देव संपवले आणि चारठाण्याच्या जुन्या देवळांपर्यंत जाऊन नवस बोलून आल्या. मामा रोज कामावरून येऊन बाजेजवळ बसत, पोराच्या पाठीकडे बघत, आणि उठून जात. गाडी मोडली असती तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ऊन फार झालं म्हणून मामा लवकर घरी आले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“तितं तू करायचास तरी काय रं नेमकं?”

भिंतीकडून उत्तर आलं. विमानाच्या पंखात लाकडाच्या बारीक फासळ्या असतात. त्या कशा कापायच्या, कशा चिकटवायच्या, वरून कापड कसं ताणून बसवायचं. इतके दिवस जो माणूस पाणी हवं का विचारलं तरी मान हलवत नसे, तो सांगायला लागला आणि सांगता सांगता कूस बदलून बापाकडे वळला.

“एक साहेब सांगत व्हता, बा. विलायतेत आता असलं विमान हाय म्हणं, की वर कोनीच बसत न्हाई. मानूस खालीच उभा ऱ्हातो, बिनतारी पेटी घिऊन. खालूनच वळवतो अन् खालूनच उतरवतो.”

“वर कोनीच न्हाई?”

“कोनीच न्हाई. एका हातानं चालतंय म्हणं.”

बिनतारी म्हणजे काय हे मामांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुढे कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. पण एका हातानं, हे त्यांना बरोबर कळलं.

“बिनतारी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “नुसतं उडंल असं बारकं करता यील का?”

“यील की. पन करायचं कोनी?”

“मी हाय की.” बगू म्हणाले नाहीत, हे आत्याबाई दर वेळी मुद्दाम सांगायच्या.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रभान चिंचेखाली जाऊन बसू लागले. डाव्या हातात कोळसा धरून फळीवर वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या आणि मामांना सांगायचं. हातभर लांब धड, त्याच्यावर आडवा पंख, मागे शेपटी. पंखाची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, म्हणजे एका अंगाला कलंडलं तरी आपोआप सावरतं. नाक थोडं जड पाहिजे. बाकी सगळं हलकं. इंजिन नाही, पंखा नाही. हातानं सोडायचं आणि वाऱ्यावर जाईल तिथवर जाऊ द्यायचं. नवशिक्यानं आधी असलंच करावं म्हणजे हवा कळते, असं त्यांना तळावर कोणी सांगितलं होतं.

मामांनी गाडीचं उरलेलं सागवान घेतलं आणि गाडीसारखंच विमान केलं. गुळगुळीत, घट्ट, कुठे सांधा दिसणार नाही असं. गावकुसाच्या पडक्या भिंतीवरून चंद्रभाननी ते सोडलं आणि ते जे खाली आलं ते सरळ खालीच आलं. नाक मोडलं. मामांनी ते घरी नेलं आणि मोडलेल्या जागी दुप्पट लाकूड घातलं. पुन्हा सोडलं, पंख मोडला. मामांनी पंखाला बाभळीची काडी लावली. तिसऱ्यांदा शेपटी गेली, तेव्हा पत्र्याची पट्टी काढून ठोकायला बसले. दर वेळी विमान आधीपेक्षा मजबूत व्हायचं आणि आधीपेक्षा लवकर खाली यायचं. बाजाराला जाणारे लोक उभे राहून बघत आणि हसू दाबत पुढे जात.

“बा, आता ह्याला बैलं जुपा,” चंद्रभान म्हणाले. आधी थट्टेनं म्हणाले आणि मग एकदम त्यांचा संताप झाला. “तुमी मोडू नये म्हणून करायलाव! ते पडनारच हाय, मोडनारच हाय. मोडलं तर पुन्ना जोडू. पन हलकं पायजे, बा, हलकं!”

मामा पट्टी हातात धरून तसेच बसले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी हलकं करा म्हणून सांगितलं नव्हतं. रागावले नाहीत ते. मला वाटतं, त्यांना रागवायचाही कंटाळा होता. पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मंग कशाचं करू?”

ज्वारीच्या ताटातलं भेंड वापरून पाहिलं, ते वाऱ्यानंच मोडलं. शेवगा पाहिला, तो वाळला की चिरतो. बांबूच्या कांबी चांगल्या, पण नुसत्या कांबींवर कसं भागणार? तळावर एक परदेशी लाकूड येत असे, तळहातावर ठेवलं तर आहे की नाही कळू नये असं, त्याच्या आठवणी चंद्रभान काढत राहिले. ऐकता ऐकता मामांचे हात थांबले. तसलं लाकूड त्यांना ठाऊक होतं. चंद्रभाननाही ठाऊक होतं.

“पांगारा,” मामा म्हणाले.

“आपल्यात चालत न्हाई,” चंद्रभान म्हणाले, उठले, घरी गेले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचा कळंब, कुणाचा उंबर, कुणाची सौंदड. आमचा पांगारा. देवकाचं झाड म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्याला हत्यार लावायचं नाही, त्याचं लाकूड जाळायचं नाही. झाड दुसऱ्याच्या बांधावरचं असलं तरी नाही. फक्त घरात लग्न निघालं की आईबापांनी पदराला उपरण्याची गाठ मारून, वाजतगाजत जाऊन, पूजा करून त्याची एक फांदी तोडून आणायची. ती घरात बसवली की लग्न सुरू झालं. लग्न उरकलं की ती वाहत्या पाण्यात सोडायची, त्याला देवक उठवणं म्हणतात. आणि एका लेकराचं देवक एकदाच येतं.

घराच्या मागे एक पांगारा होता. चंद्रभान रांगत होते तेव्हा आत्याबाईंनी त्याची फांदी रोवली होती, त्यांच्या लग्नाला घरचं देवक असावं म्हणून. पांगाऱ्याला काही पाणी लागत नाही, तरी ही बाई उन्हाळ्यात घागर घेऊन उभी. मामांनी विषय काढल्याबरोबर त्या कडाडल्या.

“त्या झाडाला हत्यार लागंल ते मपल्या लेकाच्या लग्नात. तवर कोनी हात लावायचा न्हाई.”

“मंग लगीन काडू,” मामा म्हणाले.

“कोनाचं?”

“चंद्रभानचं.”

“अवं, पोरगी कुटं हाय?”

“पोरगी बगू. देवक आदी आनता येतंय.”

आत्याबाईंना कळलं नाही असं नाही. पोरगी ठरलेली नसताना देवक आणायचं म्हणजे एकुलत्या एक लेकाच्या नशिबातलं एकच देवक खेळण्यात घालायचं. उद्या कोणी मुलगी दिलीच तर मांडवात काय बसवणार? देवक आणलं म्हणजे या घरात पुन्हा लग्न होणार नाही हे आपल्या तोंडानं कबूल करण्यासारखं होतं. त्या मामांना वाटेल ते बोलल्या. मामा ऐकत राहिले. मामांशी भांडण म्हणजे चिंचेशी भांडण, दमायचं आपणच.

मग ताट घेऊन त्या बाजेजवळ गेल्या. चंद्रभान उठून बसले, डाव्या हातानं भाकरी मोडायला लागले आणि ती मोडेना. आत्याबाईंनी हात पुढे केला.

“माय,” ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मला कोन देनार हाय पोरगी?”

आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. चुलीपुढं बसून रडल्या. मामा अंगणात बसून होते, आत गेले नाहीत. सकाळी आत्याबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं काढलं, नेसल्या, अंगणात येऊन मामांच्या उपरण्याला स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि म्हणाल्या, “चला. करायचं तर नीट करू.”

आणि नीट केलं. हलगीवाला सटवाजी पुढे वाजवत होता. डोक्यावर धरायच्या कापडाचं एक टोक लिंगराज वाण्यानं धरलं, त्याच्या गळ्यात लिंग, त्याच्या घरात देवकाची रीत नाही, पण चौथा माणूस मिळेना म्हणून दुकान सोडून तो आला आणि म्हणाला, “आमच्यात हे न्हाई. पन कापड धरायला काय हारकत हाय?” आधी मारुतीला जायचं आणि मग झाडाकडे, म्हणून परसातल्या झाडासाठी सगळ्या गावातून फिरावं लागलं. मामांच्या खांद्यावर कुऱ्हाड, मागे आत्याबाई, मध्ये गाठ. दारादारांतून लोक विचारत होते, “लगीन कोनाचं हाय, लिंबाजी?”

“घरचंच हाय,” मामा म्हणत आणि पाय ओढत पुढे जात. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. पाच सवाष्णी लागतात, दोनच आल्या. झाडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मामांनी दंडाएवढी एक सरळ फांदी एका घावात तोडली आणि ती आत्याबाईंच्या पदरात पडली. आत्याबाई रडल्या. लग्नघरात रडतात तशा नव्हे.

चंद्रभान परसाच्या दारात उभे राहून हे बघत होते. कोणाला कशासाठी काय द्यावं लागतंय हे त्यांना त्या क्षणी समजलं, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

फांदी सावलीत वाळत घातली. उन्हात घातली की पिळा पडतो. चंद्रभान रोज उठून ती उचलून बघत. वाळली तेव्हा मामांनी ती उभी चिरली, काटेरी साल काढली, आणि आतून निघालेलं पांढरं लाकूड हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. इतक्या हलक्या लाकडाला कुठे धरायचं हे त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं. रंध्याखाली पहिल्या दोन फळ्या तुटल्या. “हात सोडा, बा,” चंद्रभान सारखे म्हणत, “जोर लावू नगा.” ज्या माणसानं जन्मभर जोरच लावला त्याला हे सांगणं सोपं आणि त्यानं ते करणं अवघड. पण मामांनी केलं. बारीक फासळ्या कापल्या, पानाच्या देठाएवढ्या. काचकागद चंद्रभान स्वतः डाव्या हातानं मारू लागले, मग चाकूही डाव्या हातात आला. मामांनी हे पाहिलं आणि मान खाली घालून आपली फासळी कापत राहिले, उगीच बोलून मोडायला नको म्हणून.

लिंगराजच्या दुकानात पतंगाचा कागद होता, तो आणला. चिंचोक्याची खळ आत्याबाईंनी करून दिली. कागद चिकटवून वर पाण्याचा बारीक शिंतोडा मारला की वाळताना तो ताठ बसतो. आत्याबाईंनी तोंडात पाणी धरून शिंतोडा मारला तेव्हा त्या घरातलं ते पहिलं हसू. मग पंखाखाली दोन बोटं धरून तोलून पाहिलं. शेपटी खाली जात होती, नाकाला वजन हवं होतं. मामांनी बैलाच्या घुंगुरमाळेतलं एक लहान घुंगरू काढून नाकात बसवलं. तेवढी त्यांच्यातली बैलगाडी राहिलीच.

ज्वारी निघालेल्या रिकाम्या रानात बांधावर उभं राहून चंद्रभाननी ते डाव्या हातानं सोडलं. थोडं गेलं, तिरपं झालं, ढेकळांत पडलं, एक पंख मोडला. मामा जाऊन घेऊन आले. खाली बसले, खळ काढली, मोडलेल्या जागेकडे बघितलं आणि मुलाकडे बघितलं. मग मोडली होती तेवढीच, तसलीच एक काडी घातली. जास्त काही घातलं नाही. हे सांगताना आत्याबाई थांबायच्या, कारण त्यांच्या मते मोठी गोष्ट ही, उडणं त्यानंतरचं.

दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा ते बांधावरून निघालं, वाऱ्यानं थोडं वर उचललं आणि घुंगरू वाजवत पलीकडच्या रानात गेलं. चंद्रभान त्याच्यामागे पळाले. ढेकळांतून, काट्यांतून, तुटका हात हवेत धरून पळाले. इतके महिने बाजेवर पडलेला आपला मुलगा पळतो आहे हे दोघं नवरा-बायको बघत राहिले. मग मामा बांधावर खाली बसले आणि म्हणाले, “लय दमलो बग.”

विमान घरी आलं, तेव्हा आत्याबाईंनी ते घेतलं आणि देवघराजवळच्या आढ्याला दोरीनं टांगलं.

“हे देवक हाय,” त्या म्हणाल्या. “लगीन झालं न्हाई तर उठवायचं कसं? बसू दे.”

तेव्हापासून त्या घरात देवक बसलेलंच होतं. देवक बसलं की त्या घराला सुतक लागत नाही, त्यामुळे गावाला थट्टेला विषय झाला: लिंबाजीच्या घरी बारा महिने लगीन. चंद्रभान बापाबरोबर कामावर जाऊ लागले. डाव्या हातानं आखायचे, बारीक काम करायचे. जड काम मामा करायचे. मुली कुठून सांगून आल्या नाहीत. आत्याबाई आढ्याकडे बघत आणि बघणं टाळत.

मग मी आले. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आदल्या साली. माझा पहिला नवरा पटकीत गेला होता, सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं होतं आणि माहेरीही मी जड झाले होते. माझ्या भावानं चंद्रभानसाठी विचारलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, पण ते लग्न नव्हे. पाट अंधार पडल्यावर लावायचा. वाजवायचं नाही. हळद नाही, मांडव नाही, देवक नाही. सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. आणि नवरदेव बिनलग्नाचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, कारण पहिलं लग्न विधवेशी लागत नाही. माणसाच्या आधी झुडपाचा मान.

दिवस मावळायच्या आधीच आम्ही पोचलो. मला मागच्या बाजूनं नेलं आणि परसात पांगाऱ्याखाली बसवलं, अंधार पडेपर्यंत. आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. त्यांचं मन मोडलं होतं. ज्या लग्नासाठी झाड वाढवलं ते शेवटी पाटावर येऊन ठेपलं होतं. मी गुडघे जवळ घेऊन बसले होते. झाडावर तोडलेल्या फांदीची खूण होती. तिच्याकडे बघत मी ठरवलं होतं की काहीही झालं तरी रडायचं नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

मामा हळूहळू चालत परसात आले. तोवर ते फारच थकले होते, भिंत धरून उभे राहिले.

“पोरी, तू हितं कामून बसलीस?”

मी भावाकडे बघितलं. माझा भाऊ म्हणाला, “आंधार पडू द्या, पाव्हणं. रुई बी आनायची हाय आजून.”

मामा यावर बगू म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. ते आत गेले. आढ्याला हात पोचेना, तर खुंटीला धरून वर झाले, दोरी सोडली, विमान खाली काढलं. उपरण्यानं धूळ पुसली. सुपात गव्हावर ते ठेवलं आणि सूप घेऊन अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“रुई कशाला?” ते म्हणाले. “देवक आनलेलं हाय. म्या अन् हिनं गाठ मारून आनलंय, समद्या गावानं बगितलंय. उठवलेलं न्हाई. म्हंजी ह्या घरात लगीन चालूच हाय. चालू लग्नात नवरी मागच्या दारानं येत नसती. पुढं आना तिला.”

एवढं सलग ते जन्मात बोलले नसतील. बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली आणि ते सुपासकट खाली बसले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या, आणि मला वाटलं, संपलं. पण बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळदीची वाटी होती.

“हात फुडं कर,” त्या म्हणाल्या.

मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवक उठवायला आम्ही मामांच्याच गाडीतून गंगेवर गेलो, आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. चंद्रभान काठावर उभे राहिले आणि त्यांनी डाव्या हातानं विमान सोडलं. घुंगरू वाजलं. पाण्यावरून ते सरळ गेलं, जरा वळलं आणि मधल्या धारेत उतरलं. कागद भिजला, पण पांगारा बुडत नाही. दिसेनासं होईपर्यंत ते उभे होते, आणि मीही.

येताना मामा गाडीतच आडवे झाले. मी आत्याबाईंकडे बघितलं, उठवू का म्हणून.

“निजू दे,” त्या म्हणाल्या. “लगीन उरकून दमलेत.”

मी पिवळे हात मांडीवर उघडेच ठेवून बसले होते. पदराखाली घ्यावेत असं वाटलं नाही. गाडी जड होती, बैल सावकाश चालत होते, आणि मला कसलीच घाई नव्हती.